दोन मिक्सर जोडताना

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

मिक्सर म्हटलं की आपल्याला आधी चटणी आठवते. पंचमीच्या आदल्या दिवशी मी फोनवर मंडपवाल्याला म्हणत होते, "उद्या दोन मिक्सर लागतील, तुमचा घेऊन या." तर आतून सासूबाईंचा आवाज आला, "एवढं काय वाटायचंय गं?"

वाटायचं काही नव्हतं, मिसळायचं होतं. सात-आठ माईकमधून येणारे आवाज ज्या पेटीत एकत्र होतात आणि एकच आवाज होऊन भोंग्याकडे, रेकॉर्डरकडे किंवा रेडिओच्या ट्रान्समीटरकडे जातात, ती पेटी म्हणजे साऊंडचा मिक्सर. प्रत्येक माईकची एक उभी ओळ असते, तिला चॅनेल म्हणतात. ओळीच्या वरच्या टोकाला गेनची खुंटी आणि खाली सरकणारा फेडर. सगळ्यात उजवीकडे मास्टर, म्हणजे सगळ्यांचा मिळून एक फेडर. भजनी मंडळात, सप्ताहात, बचतगटाच्या मेळाव्यात ही पेटी तुम्ही पाहिली असेल. तिच्यामागे बहुतेक वेळा एखादा मुलगा बसलेला असतो आणि तो कुणाला हात लावू देत नाही.

आज सांगायचंय ते एवढंच की एक मिक्सर पुरत नसेल तर दोन कसे जोडायचे. विषय बारका आहे, पण तो न कळल्यामुळे आमच्या हातून एक गोष्ट कायमची गेली. म्हणून ते आधी सांगते.

दोन वर्षांपूर्वीची पंचमी. मन्याडच्या काठची दोन गावं, एक कंधार तालुक्यातलं, म्हणजे नांदेड जिल्ह्यातलं, आणि दुसरं अहमदपूर तालुक्यातलं, म्हणजे लातूरचं. जिल्हा वेगळा, पण लेकी-सुना एकमेकींकडे दिलेल्या. दोन्हीकडच्या जुन्या बायकांना एकत्र बसवून जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करायच्या असं ठरलं. आमच्या मिक्सरवर '१२ चॅनेल' असं ठळक छापलेलं आहे, त्यामुळे आम्ही निर्धास्त होतो. तिथे गेल्यावर मोजलं तर माईकची तोंडं सहाच! बाकीची चॅनेल मोबाईल, कीबोर्ड, सीडी असल्या गोष्टींसाठी. मैत्रिणींनो, हे पहिलं लक्षात ठेवा. पेटीवरच्या आकड्यावर जाऊ नका, तीन भोकांची गोल तोंडं किती आहेत ते बोटानं मोजा. त्यांना एक्सएलआर म्हणतात, माईक तिथे लागतो.

बायका आठ, एक माईक जात्यापाशी, एक निवेदनाला. दहा झाले. गावातल्या मंडपवाल्यानं त्याचा मिक्सर दिला. चार बायका त्याच्या मिक्सरवर, बाकी सगळं आमच्यावर, आणि त्याच्या मिक्सरमधून एक वायर आमच्या मिक्सरमध्ये. कार्यक्रम मस्त झाला. मंडपात सगळ्यांना सगळं ऐकू आलं. मागे बसलेल्या म्हाताऱ्यांनीही माना डोलावल्या.

दुसऱ्या दिवशी हेडफोन लावून रेकॉर्डिंग ऐकलं. चौघींपैकी दोघी जवळजवळ नव्हत्याच. त्यांतली एक आजी ऐंशीच्या पुढची. तिच्या ओव्या लांबून, दुसऱ्या बायकांच्या माईकमध्ये झिरपलेल्या, विहिरीच्या तळातून आल्यासारख्या ऐकू येत होत्या. परत जाऊन रेकॉर्ड करू म्हणालो. मग सोयाबीनची रास आली, दिवाळी आली, आणि पौषात आजी गेली.

काय झालं होतं? मिक्सरवर प्रत्येक चॅनेलला पॅन नावाची एक खुंटी असते. ती आवाजाला डावीकडे किंवा उजवीकडे ढकलते. मंडपवाल्यानं आदल्या कार्यक्रमासाठी काही खुंट्या उजवीकडे फिरवलेल्या होत्या आणि त्या तशाच राहिल्या. त्याच्या मिक्सरचं उजवं तोंड मागच्या भोंग्याला गेलं होतं, म्हणून मंडपात आजी छान ऐकू येत होती. आमच्याकडे आली ती फक्त डाव्या तोंडाची वायर. आजीचा आवाज उजवीकडे होता, तो आमच्याकडे आलाच नाही. यंत्र बिघडलं नव्हतं, वायर तुटली नव्हती. एक खुंटी सरळ नव्हती आणि आमच्यापैकी कुणीही हेडफोन लावून पाच मिनिटं ऐकलं नव्हतं. भोंग्यावर ऐकून समाधान मानलं.

तुम्ही म्हणाल, ओव्या काय, दुसरी बाई सांगेल. तसं नसतं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. माजलगावच्या भीमनगरमधल्या बायकांच्या ओव्या १९९६ साली रेकॉर्ड झाल्या म्हणून आज त्या त्यांच्याच आवाजात ऐकता येतात. पिठाची गिरणी गावात आल्यापासून जातं कोपऱ्यात गेलं आणि ओवी म्हणायची वेळच राहिली नाही. जिला येतात ती बाई गेली की तिची चाल गेली.

तर आता जोडणीकडे येऊ.

दोन मिक्सर असले की आधी एक ठरवायचं, थोरला कोण आणि धाकटा कोण. धाकट्यानं आपले आवाज गोळा करायचे आणि थोरल्याच्या स्वाधीन करायचे. भोंगे, रेकॉर्डर, ट्रान्समीटरची वायर सगळं थोरल्याकडून निघेल. धाकट्यावरून परस्पर काही काढायचं नाही. आमची चूक इथूनच सुरू झाली होती, मागचा भोंगा धाकट्यावर होता. दोघांना दोन घरं चालवायला दिली की कुणाच्या घरात काय शिजतंय ते कळत नाही.

धाकट्याचं मास्टरचं तोंड असतं, त्यावर 'मेन आऊट' लिहिलेलं असतं, डावं आणि उजवं. तिथून दोन वायरी काढायच्या आणि थोरल्याच्या एका स्टिरिओ चॅनेलच्या दोन तोंडांत घालायच्या. हे चॅनेल म्हणजे तेच, ज्यांना माईक लागत नाही म्हणून आपण नाक मुरडलं होतं. ते आता उपयोगी आले. दोन वायरी नसतील, एकच असेल, तर धाकट्यावरच्या सगळ्या पॅनच्या खुंट्या बरोबर मध्ये करा, बारा वाजल्यासारख्या. मग डाव्या तोंडातही सगळ्याजणी येतात आणि एका वायरवर भागतं. गावच्या मंडपाला डावं-उजवं लागत नाहीच.

आता एक मोह आवरायचा. मोकळं माईकचं तोंड दिसलं की त्यातच वायर घुसवावीशी वाटते. तसं करू नका. माईकमधून येणारी वीज एका व्होल्टचे फार तर काही हजारावे भाग असते. मिक्सरच्या मास्टरमधून निघते ती एक-सव्वा व्होल्टपर्यंत. माईकचं तोंड म्हणजे तान्ह्या बाळाचं तोंड, चमच्या-चमच्यानं घेणारं. त्यात घागर उपडी केली तर ठसकाच लागणार. आवाज फाटतो, चिरतो, आणि गेनची खुंटी शून्यावर आणली तरी फाटलेला राहतो. मास्टरचा आवाज नेहमी लाईनच्या तोंडात, जाड मोठ्या पिनेच्या जॅकमध्ये घालायचा. दुसरं कारण आणखी महत्त्वाचं आहे. काही माईकना चालायला ४८ व्होल्टची वीज लागते, ती मिक्सरच पाठवतो. त्याला फँटम म्हणतात, बटणावर '+४८' लिहिलेलं असतं. ते बटण चालू असताना थोरल्याच्या माईकच्या तोंडात धाकट्याचं मास्टर खोचलंत तर ती वीज उलटी धाकट्याच्या तोंडात शिरते. सगळेच मिक्सर ती सोसतील असं नाही. आणि ॲम्प्लीफायरचं, म्हणजे ज्याला गावात नुसतं 'मशीन' म्हणतात त्याचं, भोंग्याकडे जाणारं तोंड तर मिक्सरला कधीच लावायचं नाही. मिक्सर जळेल.

वायरी लागल्या, आता आवाज जुळवायचा. मला सगळ्यात आवडणारं काम हेच, कारण ते स्वयंपाकासारखं आहे. दोघी मिळून भाजी करायला लागल्या आणि दोघींनी मीठ घातलं तर काय होतं ते सांगायला नको. इथेही एकीनंच मीठ घालायचं. आधी धाकट्यावर बसा. त्याच्यावरच्या बायकांपैकी सगळ्यात मोठ्या गळ्याच्या बाईला म्हणायला लावा, हळू नव्हे, कार्यक्रमात म्हणेल तशी. धाकट्याचा मास्टर फेडर शून्याच्या रेघेवर ठेवा. ही रेघ फेडरच्या तळाला नसते, बरीच वर असते, तिच्यावर '०' छापलेलं असतं. मग चॅनेलची गेनची खुंटी हळूहळू फिरवत दिव्यांच्या पट्टीत आवाज शून्याच्या दिव्यापाशी आणा. लाल दिवा लागू द्यायचा नाही. आता उठून थोरल्यावर जा. धाकट्याचं चॅनेल जिथे लावलंय तिथला फेडरही शून्याच्या रेघेवर, आणि तिथेही दिवे तेवढेच येतील असं जुळवा. काही मिक्सरवर त्या चॅनेलला गेनच्या खुंटीऐवजी '+४' आणि '−१०' असं बटण असतं, ते '+४' कडे ठेवा.

जमलं की धाकट्याच्या मास्टर फेडरवर चिकटपट्टी लावा. खरंच लावा, इन्सुलेशन टेप चालते. यापुढे धाकट्याचा सगळा घोळका वर-खाली करायचा तो थोरल्यावरून. नाहीतर काय होतं, धाकट्यावर बसलेल्याला आवाज कमी वाटतो, तो वाढवतो. थोरल्यावर बसलेलीला जास्त वाटतो, ती कमी करते. मग तो पुन्हा वाढवतो. पंधरा मिनिटांत धाकट्याचे लाल दिवे पेटलेले, आवाज फाटलेला आणि थोरल्यावरचा फेडर तळाला.

हे झालं साधं जोडणं. याहून पक्कं जोडणं काही मिक्सरवर करता येतं. मिक्सरच्या पोटात एक सामाईक वाट असते, सगळ्या चॅनेलचे आवाज तिच्यावर येऊन पडतात. तिचं नाव बस. आपली एसटीची बस आणि ही बस एकाच घराण्यातल्या बरं का. 'सर्वांसाठी' अशा अर्थाच्या एका लॅटिन शब्दाचं ते शेपूट आहे. शुअर कंपनीचा एम-६८ नावाचा लहानसा मिक्सर पन्नास वर्षांपूर्वी खूप चालायचा. त्याला 'मिक्स बस' नावाचं एक छोटं तोंडच दिलेलं होतं. दोन पेट्यांची ती तोंडं एका वायरनं जोडली की दोघांच्या बस एक व्हायच्या. आवाज थोडा उतरायचा, तेवढा चढवून घ्यायचा, झालं काम. आताच्या मोठ्या मिक्सरवर 'बस इन', 'सब इन' किंवा 'लिंक' असं लिहिलेलं दिसेल. ते असेल तर तेच वापरा, एक चॅनेलही खर्ची पडत नाही.

डिजिटल मिक्सरची गोष्ट वेगळी. तिथे आवाजाचे सेकंदाला ४८ हजार तुकडे मोजले जातात. दोन डिजिटल मिक्सर डिजिटल वायरनं जोडायचे तर दोघांचं घड्याळ एकच हवं. थोरल्यानं टाळी द्यायची आणि धाकट्यानं तीच धरायची. नाहीतर मधूनच टक-टक असे आवाज येतात. आपल्याकडे हे मिक्सर हळूहळू येतायत, पण मंडपात अजून साधेच भेटतात, म्हणून इथे थांबते.

गाणाऱ्या बायकांसमोर एक छोटा भोंगा ठेवतात, त्यांना स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून. त्याला मॉनिटर म्हणतात. तो आवाज मास्टरमधून जात नाही, प्रत्येक चॅनेलवरच्या 'ऑक्स' नावाच्या खुंटीतून जातो. थोरल्यावर धाकट्याचं जे चॅनेल आहे त्याचीही ऑक्सची खुंटी असते. ती उघडली की धाकट्यावरच्या चौघीही मॉनिटरमध्ये येतात, पण चौघी मिळून, घोळक्यानं. एकीचाच आवाज वाढवायचा म्हटलं तर जमत नाही. ते हवं असेल तर धाकट्याच्या ऑक्सच्या तोंडातून आणखी एक वायर काढून थोरल्यावर आणावी लागते. ओव्यांना एवढी गरज पडत नाही. कीर्तनात पखवाजवाला आणि गायक एकमेकांना ऐकू आले नाहीत तर मात्र ताल सुटतो.

आणि काहीही झालं तरी थोरल्यावरून परत धाकट्याकडे आवाज पाठवायचा नाही. थोरल्याचा आवाज धाकट्यात, धाकट्याचा पुन्हा थोरल्यात, असं चक्र लागलं की एका क्षणात जी शिट्टी सुटते तिनं कानठळ्या बसतात आणि भोंग्याचं युनिट उडतं. हे सगळं जोडताना मशीन बंद ठेवा. आधी मिक्सर चालू, मशीन शेवटी. बंद करताना मशीन आधी.

आता विजेचं. यात हसण्यासारखं काही नाही. दोन मिक्सर जोडले की पुष्कळदा भोंग्यातून 'हूं' असा एकसुरी आवाज येतो. एक मिक्सर घराच्या लाईनवर, दुसरा खांबावरून किंवा जनरेटरवर घेतलेला असला की हमखास येतो. दोघांना एकाच बोर्डावर घ्या, निम्म्या वेळा तो तिथेच थांबतो. तरी राहिला तर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरची लहान डबी मिळते, ती दोघांच्या मधल्या वायरीत घालायची. पण मंडपात याला एक जलद उपाय सांगतात, थ्री पिनमधली वरची जाड पिन काढून टाकायची. आवाज थांबतो हे खरं आहे. ती पिन अर्थिंगची असते. ती काढली आणि मिक्सरमध्ये किंवा मशीनमध्ये काही बिघडलं, तर वीज माईकच्या लोखंडी जाळीपर्यंत येऊ शकते. माईक हातात असते ती बाई, श्रावणातल्या ओल्या जमिनीवर अनवाणी. म्हणून पिन मोडलेली दिसली, किंवा सॉकेटमध्ये काडी खोचून उघड्या वायरी लावलेल्या दिसल्या, की कार्यक्रम अर्धा तास उशिरा सुरू झाला तरी चालेल, पण ते नीट केल्याशिवाय माईक हातात घेऊ नका. "ताई, आजवर काही झालं नाही," असं मंडपवाले म्हणतात. आपण म्हणायचं, "दादा, आजही व्हायला नको."

खरं सांगायचं तर, दोन मिक्सर जोडण्याआधी माझा सल्ला असा की खरंच लागतात का ते बघा. उघडे माईक जितके जास्त, तितकी शिट्टी लवकर आणि मंडपातली गडबडही तितकी जास्त आत शिरते. ओवीत एक बाई म्हणते आणि दुसरी तिला उचलून धरते. अशा जोडीला मध्ये एक माईक ठेवला तर पुष्कळदा दोन माईकपेक्षा गोड ऐकू येतं. फक्त दोघींचे गळे सारखे हवेत. एकीचा खणखणीत आणि दुसरी ऐंशीची असेल तर म्हातारीला तिचा स्वतःचा माईक द्या, तोंडापासून वीतभर.

हे सगळं आम्ही कुठल्या कॉलेजात शिकलो नाही. उदगीर, बिदर ओलांडून खाली गेलं की जहीराबाद लागतं. त्याच्याजवळच्या मचनूरमध्ये संघम रेडिओ आहे, डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीशी जोडलेल्या दलित शेतकरी बायकांचा. १५ ऑक्टोबर २००८ ला त्याचं उद्घाटन न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या हस्ते झालं. हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे असा निकाल १९९५ साली सर्वोच्च न्यायालयानं दिला, त्यात ते होते. तिथे जनरल नरसम्मा आणि अल्गोल नरसम्मा या दोघी रेकॉर्डिंग, मिक्सिंग, प्रसारण सगळं करतात. मला कुणी "हे बायकांचं काम नाही" म्हटलं की मी नकाशा काढून दाखवते. लांब नाही, आपल्या शेजारीच आहे.

यंदाच्या पंचमीला पुन्हा त्याच दोन गावांत गेलो. तेच दहा माईक, तोच मंडपवाला. या वेळी पॅनच्या सगळ्या खुंट्या आम्ही आधी मध्ये केल्या, मग एकेका बाईला तिचं नाव सांगायला लावलं आणि मी थोरल्यावर हेडफोन लावून बसले. नाव कानात आलं की वहीत खूण. नऊ नावं आली, दहावं येईना. बघितलं तर पिन अर्धीच आत गेली होती. एवढ्यासाठीच नावं घ्यायची असतात. भोंग्यावर ती बाई ऐकू आली नसती तरी कुणाच्या लक्षात आलं नसतं, कारण तिचा गळाच एवढा खणखणीत की सगळा मंडप भरत होता.

ती बाई म्हणजे त्या आजीची सून. सासूच्या तिला आठवतात तेवढ्या ओव्या तिनं म्हटल्या. चौदा झाल्या. पंधरावीचा पहिला चरण आठवला, पुढचा आठवेना, तेव्हा कंधारकडच्या एका म्हातारीनं तो थोरल्यावरच्या माईकमधून पुरा केला. दोघी दोन वेगवेगळ्या मिक्सरवर होत्या. रेकॉर्डिंगमध्ये ते कळत नाही.

येत्या शनिवारी दुपारी केंद्रावर हे सगळं हातानं करून बघायचं आहे. दोन्ही मिक्सर मांडून ठेवलेले असतील. घरात मोठ्या पिनेच्या जॅकची वायर पडली असेल तर येताना घेऊन या, आमच्याकडच्या नेहमी कमी पडतात.